चौथी तार

मुकेंडीने सहा तारा चढवल्या, खुंट्या पिळून सुरात आणल्या आणि गिटार लेकीच्या हातात दिली. तिने अंगठा वरून खाली एकदाच ओढला. त्या आवाजासरशी, भरलेली समजून उचललेली बादली रिकामी निघावी आणि हात उगाच खांद्यापर्यंत उडावा, तसं काहीतरी मुकेंडीच्या आत झालं. चौथी तार. चौथ्या तारेच्या जागी बारीक तार लागली होती. लावली कोणी, तर त्यानेच. पण ‘त्याने’ म्हणणंही थोडं अन्यायाचं होतं, कारण तो स्वतः त्या वेळी गिटारी बनवणाऱ्या न्झाऊ मिस्त्रीशी, त्याच्याच शेडमध्ये, विमानात गिटार डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू देतात की खाली पोटात टाकतात, या विषयावर बोलत होता. दोघेही विमानात कधी बसलेले नसल्यामुळे चर्चा रंगली होती. तारा हातांनी परस्पर लावल्या. हातांना कोणी सांगितलंच नव्हतं की ही गिटार मुलीची आहे, मुलगी सहा वर्षांची आहे आणि उद्या संध्याकाळी ती आपल्या आईकडे ब्रसेल्सला जाणार आहे, कायमची.

“तुझ्यासारखी वाजली, पापा,” मुजिंगा म्हणाली. ती जन्मली तेव्हा तिच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा होता. अशा मुलीला मुजिंगा याशिवाय दुसरं नाव ठेवायची मुभाच नसते.

न्झाऊ मिस्त्रीने कान टवकारले, मग तोंड वासून हसला. “अरे, हे काय करून ठेवलंस? पोरीच्या गिटारीला मधलीची तार! तिकडं हिच्या मागं कोण वाजवणार आहे? बर्फ?”

मुकेंडी हसला. हसण्याची जागा असेल तिथे हसायचं, हे त्याला धंद्यानेच शिकवलं होतं. त्याचा धंदा म्हणजे मधली गिटार. किन्शासाच्या कुठल्याही बँडमध्ये एक गिटार पुढे असते, ती गाते. एक मागे असते, ती चालते. आणि या दोघींच्या मधल्या फटी बुजवायला एक तिसरी असते. तिची चौथी जाड तार काढून तिथे पहिलीसारखी बारीक तार लावतात आणि सुरांची एक अख्खी शिडी वर चढवतात, म्हणजे ती दोघींच्या मधून सुईसारखी जाते-येते. ही युक्ती कोणाच्या डोक्यातून निघाली यावरून मातेते वस्तीतल्या गुत्त्यांत अजून बाटल्या फुटतात. मधली गिटार वाजत असताना कोणाला ऐकू येत नाही, आणि थांबली की मात्र सगळे वळून बघतात. अगदी घरातल्या बायकोसारखी, असं न्झाऊ म्हणे. न्झाऊला तीन बायका सोडून गेलेल्या असल्यामुळे त्याच्या म्हणण्याला वजन होतं. मुकेंडीला एकच सोडून गेली होती, आणि तीही भांडून नव्हे. त्याची बायको न्गालुला तिकडे ब्रसेल्सला म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या कामाला गेली, आधी पैसे आले, मग पैसे आणि फोन, मग नुसते फोन, आणि आता मुलीला बोलावणं आलं होतं. मुलीला. फोनवर ती म्हणाली होती, “तुझंही बघू पुढं.” हे ‘पुढं’ मुकेंडीला चांगलं ठाऊक होतं. बँडचा मालकही पगार त्याच दिवशी द्यायचा.

गाण्यांमध्ये शेठ लोकांची नावं ओरडायची पद्धत आहे. नाव ओरडलं की नोटा मिळतात. एकेका प्रेमगीतात प्रेयसीच्या वाट्याला दोन ओळी, आणि उरलेली दहा मिनिटं सिमेंटवाले, हिरेवाले आणि जकातीचे साहेब. मुकेंडीच्या बारीक तारेवर किती नावं तरंगून गेली त्याला गणती नाही. त्याचं स्वतःचं नाव कधी आलं नाही. त्याने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. पण गेल्या महिन्यापासून, मुलीच्या जाण्याचे कागद आल्यापासून, त्याला एक खुळी भीती लागली होती, की मुजिंगा त्या थंड गावात मोठी होईल, एक दिवस तिला कोणी विचारेल तुझा बाप कोण, आणि ती क्षणभर थांबेल. नाही सांगणार असं नव्हे, सांगेलच. फक्त आधी थांबेल. त्या थांबण्यात काहीतरी भरून ठेवायला हवं होतं, म्हणून गिटार.

आता गिटार घ्यायची म्हणजे कोणती, यावरून घरात संसद भरली होती. न्झाऊच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलांजोग्या दोनच होत्या. एक छोटी, तंतोतंत मुजिंगाच्या मापाची, तिच्या मांडीवर मांजरासारखी बसणारी. एक मोठी. मोठी तिने कवटाळून बघितली, तेव्हा दांडीच्या वर तिचे केस आणि पोटाच्या खाली तिचे अंगठे एवढंच दिसत होतं. मुलीने गिटार घेण्याऐवजी गिटारीनेच एक मुलगी घेतलीय असं वाटत होतं.

“मोठी घे,” न्झाऊ म्हणाला होता. “बूट घेताना दोन बोटं मोठे घेतोस ना?”

“बुटात कापूस कोंबता येतो मिस्त्री. गिटारीत कुठं कोंबू?”

“तिच्या हातात कोंब.”

चियालाताई, म्हणजे मुकेंडीची थोरली बहीण, जिने न्गालुला गेल्यापासून पोरीला वाढवलं, तीही मोठीच म्हणाली. ती परकरापासून पातेल्यापर्यंत सगळं मोठंच घ्यायची. न्गालुला फोनवर म्हणाली, “मोठीच घे. इथं पोरं भराभर वाढतात.”

“का, तिथं खत घालतात?”

“झालं तुझं सुरू?”

खरं म्हणजे त्या मोठ्या गिटारीने मुकेंडीच्या मनात एक वेगळंच घाण पिल्लू सोडलं होतं, आणि ते त्याने कोणाला दाखवलं नव्हतं. मोठी गिटार विमानात घेतली नाही तर? विमानाच्या दारात साहेब म्हणेल, ही नाही जाणार. मुजिंगा गिटारीला मिठी मारून जमिनीवर बसेल. ती एकदा बसली की चियालाताईलाही उठवता येत नाही. विमान थांबणार नाही. विमानं कोणासाठी थांबत नाहीत, याबद्दल मुकेंडीला आयुष्यात प्रथमच विमानांचा आदर वाटला. मग तो तिला खांद्यावर घेईल, गिटार काखेत मारेल, दोघं पिवळ्या टॅक्सीने घरी येतील, आणि ताई काहीच घडलं नसल्यासारखी पोंदूची भाजी आणि फुफू वाढेल. हा बेत त्याने शेडमध्ये उभ्या उभ्या, चेहऱ्यावरची माशीही न हलू देता, पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा वाजवून पाहिला. त्यात एकच खोट होती: पुन्हा पुढच्या आठवड्यात विमान होतं. आणि त्याच्या पुढच्याही. एका गिटारीने किती विमानं अडणार? चोरी करण्याआधीच पकडल्यासारखा तो ओशाळला, आणि घाईघाईने म्हणाला, “छोटी द्या, मिस्त्री.”

छोटी वर्षभर पुरेल, फार तर दीड. मग बोटं पडद्यांच्या बाहेर जातील, तिची आई तिकडचीच एखादी मोठी आणून देईल, ही कपाटावर जाईल. हे त्याला कळत होतं. पण मोठी गिटार म्हणजे तिच्या बाराव्या वर्षाला दिलेली भेट होती, आणि त्या वर्षाला तो कुठे ओळखत होता? त्याला ही, आत्ताची, दात पडलेली मुलगी वाजवताना बघायची होती. एकदा. म्हणजे निवड तिच्यासाठी नव्हती, स्वतःसाठी होती, आणि वर पुन्हा हातांनी तारही स्वतःसारखीच लावली. बाप म्हणून त्याने गिटारीत स्वतःला असं दोन्ही बाजूंनी कोंबलं होतं.

“काढ ती,” न्झाऊ म्हणत होता. “जाड तार देतो, ही घे. अस्सल ब्रेकची आहे.” न्झाऊ सायकलच्या ब्रेकच्या केबलचे पदर उलगडून तारा वळायचा. मातेते आणि लेम्बा मिळून अर्ध्या सायकलींना ब्रेक नाहीत, ते सगळे संगीतात गेले आहेत.

“राहू दे आजच्या दिवस,” मुकेंडी म्हणाला आणि जाड तार खिशात टाकली.

घरी जाताना गाडीत, पायात कोंबड्यांची टोपली आणि मांडीवर मुजिंगा, मुजिंगाच्या मांडीवर गिटार अशी उतरंड होती. ती चौथ्या तारेवर एका बोटाने टुकटुक करत होती. शेजारच्या बाईने विचारलं, “काय वाजवतेस गं?”

“पापाचं गाणं.”

बाईने थोडा वेळ ऐकलं. “छान आहे. सुरू कधी होणार?”

मुकेंडी खिडकीबाहेर बघू लागला. त्याला तो रविवार आठवला. बँड भर दुपारी एका अंगणात वाजवत होता, चियालाताई पोरीला घेऊन पहिल्याच रांगेत बसली होती. मुकेंडी त्या दिवशी जीव ओतून वाजवत होता. बोटांच्या टोकांना आग लागली होती, घाम कोपरावरून खाली ठिबकत होता. पुढच्या गिटारवाल्याने दात दाखवत वाजवलं, लोकांनी त्याच्या कपाळावर नोटा चिकटवल्या. सगळं संपल्यावर मुजिंगा धावत आली आणि म्हणाली, “पापा, तू कधी वाजवणार?”

“अगं, वाजवलं की! मघापासून.”

“ते नाही. ते दुसरंच होतं. तू आपलं कधी वाजवणार?”

तेव्हा सगळ्यांनी खूप हसून घेतलं. त्यानेही. आज टोपलीतल्या कोंबडीची नजर चुकवताना त्याला प्रथमच ते नीट समजलं. घरी वीज नसायची, असली तरी आवाज वाढवणारं यंत्र बँडच्या खोलीत. तो ओट्यावर बसून नुसत्या गिटारीवर सराव करायचा, रोज, तिच्या जन्मापासून, आणि सरावात फक्त स्वतःचा भाग. फटींचा. पुढची मागची गिटार त्याच्या डोक्यात वाजत असायची, तिच्या कानात नाही. तिला गाणं म्हणजे एवढंच ठाऊक होतं. दोन तुकडे, मग रिकामी जागा, मग तीन तुकडे. साऱ्या किन्शासात त्याचं वाजवणं पूर्ण गाणं म्हणून ऐकणारं माणूस एकच होतं, ते सहा वर्षांचं होतं, आणि ते उद्या जाणार होतं. हे नसतं तर बरं, इतकं हे गोड होतं.

आणि मग त्याने ते पाहिलं. दोन तुकडे वाजवून ती थांबली, आणि रिकाम्या जागेत तिने मान डोलावली. किंचित डावीकडे, डोळे अर्धे मिटून. मग पुढचे तीन तुकडे. पुन्हा जागा, पुन्हा मान. ही मान त्याची होती. त्या जागेत त्याच्या डोक्यात पुढची गिटार उत्तर देऊन जायची, तेव्हा तो असा डोलायचा. तिने मानही उचलली होती, तिच्या डोक्यात मात्र उत्तर द्यायला कोणी नव्हतं; ती कशावरच नाही, नुसतीच डोलत होती. त्याला एक खोली दिसली, पांढरी, बंद खिडक्यांची, ओळीने बसलेली मुलं, एक सभ्य मास्तरीण. ही तिथे दोन तुकडे वाजवून थांबेल आणि हवेला मान डोलावेल. मुलं एकमेकांकडे बघतील. मास्तरीण हसतमुखाने म्हणेल, बाळ, तुझी चौथी तार चुकीची आहे. ती म्हणेल, माझ्या पापाने लावलीय. आणि मग ती थांबेल.

दर शनिवारी न्गालुलाचा फोन यायचा तेव्हाही तो असाच अर्धा ऐकत बसायचा. “हो... चिक्वांग खाल्ला... नाही, पडला तो दात... हो... कधी?” मधल्या जागांत काय भरलंय हे तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. उद्यापासून तो तारेच्या दुसऱ्या टोकाला जाणार होता. मग तिचं सगळं ऐकू येईल, पण तोंड दिसणार नाही. म्हणजे पुन्हा अर्धंच. त्याला एकाएकी वाटलं की आपल्या नशिबात देवाने आख्खं असं काही ठेवलेलंच नाही, आणि जे आख्खं मिळालं त्याचं तिकीट निघालंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून त्याने चौथी तार सैल केली, काढली, बोटाभोवती गुंडाळून तिचं वेटोळं पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर ठेवलं आणि खिशातली जाड तार चढवू लागला. मुजिंगा पावात शेंगदाण्याचं वाटण लावून खात होती. ती खायची थांबली.

“ती का काढलीस?”

“तिकडे एकटीने वाजवायचंय ना बाळ. एकटीला जाड तार लागते.”

“मी एकटी नाही वाजवणार. तू मागून वाजव.”

“मी इथे असणार.”

“मग इथून वाजव.”

त्याने खुंटी पिळली. गंमत अशी की त्याला तो सूर सापडेना. त्या जागी जाड तारेचा सूर त्याने तरणेपणापासून ऐकलाच नव्हता. कान खाली जाऊन शोधायचा आणि हात सवयीने वर चढवत सुटायचा. तार कण्हायला लागली. “तुटेल ती,” मुजिंगा म्हणाली, “चुकतोयस तू.” अखेर त्याने बाकीच्या तारांच्या आधाराने, आंधळा भिंतीला धरून जातो तसा, सूर गाठला. “घे.” तिने गिटार घेतली, अंगठा ओढला. भरदार, शहाण्यासारखा आवाज आला. कुठेही चालेल असा. तिने गिटार उलटी करून मागचं लाकूड बघितलं, न्झाऊने तापवलेल्या सळईने कोरलेलं ‘मुजिंगा’ हे नाव बघितलं.

“ही कोणाची?”

“तुझीच की.”

“माझी अशी नव्हती.” तिने ती त्याच्या मांडीवर ठेवली, परकी वस्तू परत करावी तशी, दोन्ही हातांनी. रडली नाही. रडली असती तर त्याने जाड तार दाताने तोडली असती; त्याने तशी तयारीही केली होती. ती उठून आत गेली, आणि पिंपाजवळ कोंबड्या चोची मारत राहिल्या.

थोड्या वेळाने त्याला ती बारीक तार हवीशी झाली. कशाला, ते सांगता आलं नसतं, खिशात ठेवायला. झाकणावर नव्हती. त्याने पिंपाखाली बघितलं, कोंबड्यांना उचलून त्यांच्या खाली बघितलं. ताई अंगणात स्टुलावर बसली होती, गुडघ्यांत मुजिंगाचं डोकं, दातात काळा दोरा. ती पोरीच्या केसांच्या बटा दोऱ्याने वेढून ताठ उभ्या करत होती.

“ताई, इथली तार पाहिलीस?”

“तुझ्या तारांना हात लावायला मला काय वेड लागलंय?” ती दोरा न सोडता म्हणाली. “जा, तोंड धू. एअरपोर्टवर असं तोंड घेऊन येऊ नकोस, साहेबांना वाटेल याच्याकडे हिरे आहेत.”

मुजिंगा खाली मान घालून होती. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. ताई केस ओढते तेव्हा ती नेहमी बोंबलायची. आज आवाज नव्हता. त्याला वाटलं, रागावलीय.

संध्याकाळी विमानतळावर निरोपाची माणसं लोखंडी कठड्याच्या अलीकडे थांबवतात. ओदिल बाई, म्हणजे त्यांच्या चर्चमधली लेकाकडे निघालेली विधवा, मुजिंगाला घेऊन जाणार होती. तिने हात धरला. मुजिंगाच्या पाठीवर ताईने शिवलेल्या फुलाफुलांच्या पिशवीत गिटार होती. अजिबात मोठी नव्हती. कोणी अडवली नाही. कठड्यापलीकडच्या साहेबाने ती उतरवून बाजूच्या टेबलावर ठेवली, नुसती हाताने थोपटली आणि “वाजवून दाखव जाताना” म्हणाला. मुकेंडीला त्या साहेबाचा मनापासून तिरस्कार वाटला. कसला हा बंदोबस्त, की कोणीही आपली पोर घेऊन जावं! त्याने काल हाकलून दिलेला तो बेत पुन्हा एकदा धावत आला, आणि या वेळी तर त्यात गिटारही नव्हती. नुसती कठड्यावरून उडी होती. त्याने कठडा धरला. लोखंड दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होतं. तिला सांगायला म्हणून त्याने काहीतरी ठरवून आणलं होतं, ते त्याला आठवेना. “पापा, जाते,” एवढं ती म्हणाली होती, आणि तो म्हणाला होता, “हं.” मधल्या गिटारवाल्याचं उत्तर.

साहेबाने हातातली, लोखंड हुडकणारी काळी दांडी मुजिंगाच्या अंगावरून फिरवली. पायांवरून, पोटावरून, पाठीवरून. दांडी गप्प होती. ती तिच्या डोक्यावर नेली, आणि दांडीने शिट्टी मारली.

रांग थबकली. साहेबाने दांडी खाली घेतली, पुन्हा वर नेली. पुन्हा शिट्टी. एका उभ्या, काळ्या दोऱ्याने वेढलेल्या बटेपाशी सगळ्यात मोठी.

“काय गं चिमणे, डोक्यात रेडिओ बसवलाय का?”

मुजिंगाने दोन्ही हातांनी ती बट गच्च धरली आणि ओठ आत ओढून घेतले. ओदिल बाई देवाची शपथ घेऊ लागली. मागचा माणूस ओरडला, “अहो साहेब, पोरीच्या वेणीत तोफ आहे का? विमान जाईल ना!”

मुकेंडीने वळून ताईकडे बघितलं. ताई समोरच्या दिव्याच्या खांबाकडे बघत होती.

“माझ्याकडे काय बघतोस? तार दोऱ्याच्या आत घाल म्हणाली, घातली. पापाला सांगू नको म्हणाली, नाही सांगितलं.” मग खांबालाच म्हणाली, “फार टोचत असणार पोरीला.”

साहेबाने खांदे उडवले. एक शेवटची खात्री म्हणून दांडी पुन्हा तिच्या डोक्यावर धरली, शिट्टी लांबच लांब वाजू दिली, आणि हसून हातानेच ‘जा’ म्हणून खूण केली. ओदिल बाईने गिटार उचलली आणि मुजिंगा गेली. वळून बघितलं नाही; दोन्ही हात डोक्यावर होते, ओझं नेणाऱ्या बाईसारखे. दार बंद झालं तरी ती शिट्टी मुकेंडीच्या कानातून जाईना. उंच होती, बारीक होती, पण नेमक्या सुरापेक्षा जराशी उतरलेली होती. कठड्यावर ठेवलेल्या डाव्या हाताची दोन बोटं आपली आपणच वळली, आणि तिथे नसलेली खुंटी हलके हलके पिळत राहिली.